वस्त्रकला-शिक्षण, औरंगाबाद परिसरातील

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व पैठण परिसरात हिमरू, मशरू व पैठणी या वस्त्रांची कला नव्या पिढीस शिकविण्याची परंपरा. दीर्घकाळ ती विणकरांच्या घरांत व कारखान्यांत जोपासली गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तीस शासकीय केंद्रे व कलासंस्था यांची जोड मिळाली.

पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. पेरिप्लस या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात पैठण व तगर (तेर) येथून भडोच बंदरास जाणाऱ्या मालाचा उल्लेख असून त्यात तगरच्या कापडाचा समावेश आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हा आलेल्या विणकरांनी हिमरूची कला येथे रुजविली, असे परंपरा मानते. हिमरूचा ताणा सुती व बाणा रेशमी असतो. जरीच्या किनखाबाशी साम्य असूनही हे कापड त्याहून स्वस्त पडे. पैठणी मात्र रेशीम व जर यांची असून तिच्या काठपदरावरील नक्षी हाताने, प्रत्येक रंगाची वेगळी कांडी वापरून विणतात.

जुन्या पद्धतीत अध्ययन व उत्पादन ही वेगळी नव्हती. शिकाऊ मुलगा प्रथम कांड्या भरी, तुटलेले धागे सांधी आणि नंतर हिमरूच्या मागावर जाल्याचे दोर ओढून विणकरास साहाय्य करी. जाला म्हणजे नक्षीनुसार ताण्याचे धागे उचलणारी दोरांची रचना होय. नक्षी कागदावर नव्हे, तर या दोरांत साठविलेली असे. त्यामुळे ज्ञान अचूक टिके. पण ते कुटुंबाबाहेर सहसा जात नसे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर दरबारी आश्रय संपला, यंत्रमागाची स्पर्धा वाढली आणि मुले अन्य व्यवसायांकडे वळली. मागावर बसणारा उरला नाही, की त्याबरोबर नक्षीही लुप्त होई.

स्वातंत्र्योत्तर काळात ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले. १९५६ मध्ये मुंबई व इतर ठिकाणी विणकर सेवा केंद्रे निघाली. महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाने (स्थापना १९६२) पैठणला पैठणी केंद्र चालविले. १९८६ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. तिच्या अभ्यासक्रमात कारागिरांच्या वस्तीत जाऊन हस्तकलेचा अभ्यास करण्यास स्थान आहे. चौकटींच्या कागदावर उतरविलेली नक्षी विणकर कुटुंबाबाहेरील विद्यार्थ्यासही वाचता येऊ लागली, हा या शिक्षणाचा मोठा लाभ होय.

तथापि नक्षी वाचणे व ती विणणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. धाग्याचा ताण, फणीचा ठोका व रंग बदलण्याचा क्षण यांची जाण मागावर बसूनच येते. भरीव नक्षीची एक पैठणी विणण्यास कित्येक महिने लागतात; उलट तयार कपड्यांच्या उद्योगात शिकाऊ व्यक्तीस लवकर वेतन मिळते. पैठणीस २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक लाभला. त्याने नावाचे रक्षण होते. हाताच्या कौशल्याचे होत नाही. ते विणकराची मजुरी व शिकणाऱ्याचा निर्वाह यांवरच अवलंबून राहते. आरेखन शिकणारे वाढले आणि माग बंद पडत गेले, तर वस्त्राऐवजी त्याचे केवळ चित्र मागे उरेल.