पद्धत कुठे वाचायची?

विज्ञान शिकवण्यावर संशोधन कसं करतात, हे नेमकं कुठे वाचायचं? हा प्रश्न मला वर्षातून दोन-चारदा येतोच. विचारणारे बहुतेक आपल्यातलेच असतात. कुणी दहा-बारा वर्षं अभियांत्रिकीत काढून शिक्षणशास्त्राकडे वळलेलं असतं, कुणाला रविवारच्या मराठी शाळेत शिकवता शिकवता 'मुलांना हे कळत का नाही' या प्रश्नाने पछाडलेलं असतं. मी एखादं जाडजूड पाठ्यपुस्तक सुचवावं अशी त्यांची अपेक्षा असते. तशी पुस्तकं आहेत. ती वाचून नमुना कसा निवडावा, आकडेमोड कशी करावी हे समजतं. पण समोर बसलेल्या मुलाला प्रश्न कसा विचारायचा हे समजत नाही. ते समजण्यासाठी या विषयाच्या इतिहासात थोडं मागे जावं लागतं.

१९२६ साली दोन पुस्तकं निघाली. पहिलं अमेरिकेतलं. मिशिगन विद्यापीठातल्या फ्रान्सिस कर्टिस यांनी विज्ञानशिक्षणावर तोवर झालेल्या अभ्यासांचे सारांश एकत्र केले. पुढे १९३१ आणि १९३९ मध्ये आणखी दोन खंड आले. त्या काळातला गाजणारा वाद असा, की प्रयोग शिक्षकाने वर्गापुढे करून दाखवावा की प्रत्येक मुलाने स्वतः करावा. वादामागे पैशाचाही हिशोब होता, कारण प्रयोगशाळा महाग पडत. पद्धत सरळ : दोन वर्ग घ्या, दोन तऱ्हांनी शिकवा, परीक्षा घ्या, गुण ताडून पाहा. कर्टिस यांचे खंड आज कुणी वाचत नाही. पण 'कुणी काय केलंय ते आधी एका जागी आणा' ही सवय तिथली आहे.

दुसरं पुस्तक फ्रेंचमधलं, जाँ पियाजे यांचं, मुलांच्या मनातल्या जगाबद्दलचं. मुलांना ते विचारत होते, सूर्य कुठून आला, चंद्र आपल्याबरोबर चालतो का. या पुस्तकाची प्रस्तावना मी प्रत्येक नवख्याला आधी वाचायला सांगते. ठरावीक प्रश्नावलीत काय निसटतं, नुसतं निरीक्षण का पुरत नाही, आणि गप्पांसारखी वाटणारी मुलाखत किती शिस्तीची असावी लागते, हे त्यात आहे. उत्तर मुलाच्या तोंडात घालायचं नाही आणि मूल बोलत असताना काही हातचं जाऊही द्यायचं नाही. हे जमायला रोजचा सराव धरूनही किमान वर्षभर लागतं, असं पियाजे बजावतात. आमच्याकडे हल्ली यासाठी दोन दिवसांची कार्यशाळा असते!

पुढची चाळीसेक वर्षं कर्टिस यांच्या वाटेवर गर्दी राहिली. १९५७ मध्ये स्पुटनिक उडालं आणि अमेरिकेत विज्ञानशिक्षणात पैसा ओतला गेला. अहवालांचे ढीग झाले. ते सांभाळायला १९६६ साली 'एरिक' ही सरकारी सूची सुरू झाली. पोस्टकार्डाएवढ्या फिल्मवर डझनावारी पानं मावत, आणि ग्रंथालयातल्या यंत्राला डोळे लावून ती वाचावी लागत. आज एरिक घरबसल्या फुकट शोधता येते, आणि जुन्या अहवालांसाठी मी अजून तिथेच जाते.

पियाजेंची वाट पुन्हा वाहती झाली ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीला. रोझलिंड ड्रायव्हर आणि जॅक ईझली यांचा १९७८ चा लेख महत्त्वाचा, कारण मुलाची पायरी ठरवण्यापेक्षा ते नेमकं काय म्हणतंय ते ऐका, असा त्याचा आग्रह होता. न्यूझीलंडमध्ये वायकाटोला रॉजर ऑस्बोर्न आणि सहकाऱ्यांनी साध्या रेघांची चित्रं काढलेली कार्डं केली. प्रश्न असा : तुझ्या अर्थाने 'फोर्स' म्हणजे जे काही असेल, ते या चित्रात आहे का? 'तुझ्या अर्थाने' या दोन शब्दांनी परीक्षेची मुलाखत झाली.

अशा अभ्यासांची यादी जर्मनीत कील इथे हेल्गा फुंट आणि राइंडर्स डुइट यांनी ठेवायला घेतली. २००९ मध्ये ती थांबली तेव्हा सुमारे ८४०० नोंदी झाल्या होत्या. ही यादी म्हणजे आमच्या विषयाचा खजिना. तुमचा विषय बाष्पीभवन असो की वीज, आधी तिच्यात डोकवा.

आता आपल्याकडे येऊ, कारण इंग्रजी सूचींतून शोधणारा माणूस इथवर क्वचित पोचतो. १९७४ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. संचालक वि. गो. कुलकर्णी. मानखुर्दला जाण्याआधी केंद्राचा संसार नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या इमारतीत होता. काम महापालिकेच्या शाळांत आणि जळगाव जिल्ह्यात खिरोदा परिसरातल्या खेड्यांत. तिथे कुलकर्णी आणि वि. गो. गंभीर यांनी एक साधा प्रश्न धरला : आशय तोच ठेवून पुस्तकाची भाषा तेवढी सोपी केली तर काय होतं? मुलांची समज सुधारली. १९८१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. मुलं ज्याला अडखळत होती ते बऱ्याच अंशी विज्ञान नव्हतंच, पुस्तकी मराठी होती.

मला हा निष्कर्ष पद्धतीचा वाटतो. वायकाटोचं कार्ड मराठीत आणताना 'फोर्स'चं 'बल' केलं, की मूल पाठ केलेली व्याख्या म्हणतं. 'जोर' म्हटलं की ते सांगतं, "चेंडूत अजून जोर आहे, म्हणून वर जातोय." ही खरी कल्पना, तीच मुलाखतीतून हवी असते. तसंच 'आटणं'. पाणी आटलं म्हटलं की ते गेलं कुठे, हा प्रश्न आपल्या भाषेत आपोआप उभाच राहत नाही; तो वेगळा विचारावा लागतो. शब्दशः भाषांतर केलेल्या प्रश्नावलीवरून 'मराठी मुलांचे गैरसमज' म्हणून छापलेल्या आकड्यांकडे मी म्हणूनच संशयाने पाहते. आणि इथल्या आपल्या मुलांचं तर घरी 'जोर' आणि शाळेत 'फोर्स'. त्यांना कुठल्या भाषेत विचारायचं, हे ठरवणं हाच अभ्यासाचा पहिला भाग.

केंद्राने २००४ पासून 'एपिस्टीम' नावाच्या परिषदा भरवल्या. पहिली गोव्यात झाली. त्यांची इतिवृत्तं महाजालावर खुली आहेत. पियाजेंची प्रस्तावना झाली की कीलच्या यादीआधी ती उघडा, आणि वाचताना शोधखिडकीत 'लँग्वेज' हा शब्द टाकून पाहा.