मालवेअर तपासणी व निर्मूलन : घरगुती संगणक

मालकाच्या नकळत संगणकात शिरून माहिती चोरणाऱ्या, फाइलींची नासधूस करणाऱ्या किंवा यंत्राचा ताबा दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या आज्ञावलींना मालवेअर म्हणतात. घरच्या संगणकात असा शिरकाव झाला आहे का हे पाहणे, सापडलेली आज्ञावली काढून टाकणे आणि त्यानंतर खाती व फाइली सुरक्षित करणे असे या कामाचे तीन टप्पे आहेत. बोलताना सरसकट ‘व्हायरस’ म्हटले जात असले तरी प्रकार वेगवेगळे असतात. व्हायरस दुसऱ्या फाइलीला चिकटून पसरतो, तर वर्म जाळ्यातून आपोआप पसरतो. ट्रोजन उपयुक्त सॉफ्टवेअरच्या वेषात येतो. स्पायवेअर पासवर्ड व कळांच्या नोंदी पळवतो आणि रॅन्समवेअर फाइली कुलूपबंद करून खंडणी मागतो.

या कामाचे मूलतत्त्व एकच आहे : ज्या यंत्रावर संशय आहे त्याचीच साक्ष पुरेशी मानू नये. मालवेअर अँटिव्हायरसला बंद पाडू शकते, स्वतःला यादीतून लपवू शकते आणि ‘सर्व ठीक आहे’ असा खोटा संदेशही दाखवू शकते. म्हणून तपासणी शक्य तितकी बाहेरून करावी, पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत आणि फाइली बाधेपूर्वीच्या प्रतीवरून परत आणाव्यात.

इतिहास : पीसीवरील पहिला ज्ञात व्हायरस ‘ब्रेन’ १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. भारतात १९९० मध्ये ‘जोशी’ नावाचा व्हायरस आढळला. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये व हार्ड डिस्कच्या पार्टिशन टेबलमध्ये बसे. ५ जानेवारीला पडद्यावर संदेश येई आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकल्याशिवाय संगणक पुढे सरकत नसे. कंट्रोल, ऑल्ट व डिलीट दाबून संगणक पुन्हा सुरू केला तरी तो स्मृतीत टिकून राही. नुसत्या फॉरमॅटनेही तो जात नसे, कारण त्याची जागा फॉरमॅटच्या कक्षेबाहेर होती. वीज पूर्ण बंद करून, लेखनबंदी केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू करणे हा त्यावरचा उपाय होता. बाहेरून तपासण्याचे तत्त्व तेव्हापासूनचे आहे.

याच दशकात पुण्यात संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी अँटिव्हायरस तयार केला. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या त्यांच्या कंपनीचे नाव २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले. फ्लॉपी गेल्या आणि पेनड्राइव्ह आले, तशी बाधेची वाटही बदलली. २००८ मध्ये प्रकटलेला ‘कॉन्फिकर’ वर्म जाळ्याबरोबरच पेनड्राइव्हच्या ऑटोरन सोयीतूनही पसरला. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला. तो ज्या त्रुटीतून शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, पण ती अनेक संगणकांवर बसवलेली नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये ‘नॉटपेट्या’मुळे न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर शिरवून सुमारे ९४ कोटी रुपये लुटण्यात आले. ती रक्कम देशविदेशांतील एटीएममधून आणि हाँगकाँगमधील एका खात्यामार्फत काढली गेली.

खानदेशातील स्थिती : धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरील, मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे नगरपरिषदेचे गाव आहे. अशा व्यापारी गावांत एकाच संगणकावर दुकानाचा हिशेब, जीएसटीचे विवरण, मुलांचा एमएस-सीआयटीचा सराव, प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज आणि नेटबँकिंग चालते. त्यामुळे एका बाधेची झळ घर आणि धंदा दोन्हींना बसते. बाधेच्या नेहमीच्या वाटा तीन. पहिली, झेरॉक्सच्या दुकानात, क्लासमध्ये किंवा शाळेत फिरून आलेला पेनड्राइव्ह. दुसरी, फुकटात मिळालेले क्रॅक केलेले सॉफ्टवेअर. तिसरी, बिल, कुरिअर किंवा सरकारी नोटीस असल्याचे भासवणारी ईमेलची जोडफाइल. नेहमीचा उपाय मात्र एकच असतो : दुरुस्तीवाल्याकडे नेऊन ‘फॉरमॅट मारून’ नवीन विंडोज टाकणे. त्याने यंत्र बहुधा स्वच्छ होते, पण चोरीला गेलेला पासवर्ड चोराकडेच राहतो, बाधित पेनड्राइव्ह घरातच राहतो आणि पोलिसांना लागणारा पुरावा पुसला जातो. नव्याने टाकलेले विंडोज क्रॅक केलेले असेल तर पुन्हा बाधा होण्याचा धोकाही कायम राहतो.

लक्षणे : संगणक संथ चालणे हे एकटे लक्षण निर्णायक नाही. जुनी हार्ड डिस्क, कमी रॅम किंवा पंख्यात साचलेली धूळ यांनीही तसे होते. अधिक ठोस लक्षणे अशी : अँटिव्हायरस आपोआप बंद होणे किंवा सुरूच न होणे, ब्राउझरचे मुखपृष्ठ वा शोधयंत्र बदलणे, न टाकलेले एक्स्टेन्शन दिसणे, माउसचा बाण स्वतःहून फिरणे, आपल्या ईमेलवरून आपण न पाठवलेले संदेश जाणे, न मागितलेले ओटीपी येणे, पेनड्राइव्हमधील फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसणे, फाइलींची नावे बदलून खंडणीची चिठ्ठी उमटणे. उलट, ‘आपला संगणक बाधित आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी ब्राउझरमध्ये येणारी खिडकी बहुधा स्वतःच फसवणूक असते. त्या क्रमांकावर फोन न करता ब्राउझर बंद करावा.

तपासणी : प्रथम वायफाय किंवा केबल तोडून संगणक इंटरनेटपासून वेगळा करावा. पैसे गेले असल्यास तपासणीत वेळ न घालवता आधी तक्रार करावी. त्यानंतर पुढील क्रमाने पाहणी करता येते.

(१) कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. अनोळखी प्रक्रिया दिसल्यास तिची फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते पाहावे. विंडोजच्या प्रक्रियेचे नाव धारण केलेली फाइल टेम्प किंवा डाउनलोड्समध्ये असेल तर ती संशयास्पद ठरते.

(२) स्टार्टअपची यादी आणि टास्क शेड्युलर तपासावा. संगणक सुरू होताच पुन्हा जागे होण्यासाठी मालवेअर येथे नोंद करून ठेवते. मायक्रोसॉफ्टचे ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन अशा जागा एकत्र दाखवते.

(३) बसवलेल्या प्रोग्रॅमच्या यादीत एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखी दूरनियंत्रणाची साधने आहेत का ते पाहावे. ही साधने स्वतः मालवेअर नाहीत, त्यामुळे अँटिव्हायरस त्यांना सहसा अडवत नाही. ठगाने फोनवरून बसवायला लावलेले असे साधन मात्र त्याच्यासाठी उघडे दार ठरते.

(४) विंडोज सिक्युरिटीतील अपवादांची यादी पाहावी. क्रॅक बसवताना अँटिव्हायरस बंद करण्यास सांगितले जाते आणि अनेकदा एखादे फोल्डर तपासणीतून कायमचे वगळले जाते. ही यादी रिकामी असणे सामान्य आहे. तिच्यात अनोळखी नोंद असल्यास ती काढावी.

(५) संगणकावरील युजर खाती, ब्राउझरची एक्स्टेन्शने, प्रॉक्सीची मांडणी व होस्ट्स फाइल तपासावी. होस्ट्स फाइल बदलून बँकेच्या पत्त्यावरून खोट्या संकेतस्थळाकडे वळवता येते.

(६) राउटरचा मूळचा पासवर्ड तसाच असेल तर बदलावा आणि त्यातील डीएनएसची मांडणी पाहावी. राउटर बिघडवला असेल तर स्वच्छ संगणकही चुकीच्या ठिकाणी पोहोचतो.

निर्मूलन : बाहेरून तपासण्याची सोय आता विंडोजमध्येच आहे. विंडोजच्या स्वतःच्या ‘डिफेंडर’ या अँटिव्हायरसची ‘ऑफलाइन स्कॅन’ ही तपासणी संगणक पुन्हा सुरू करून, नेहमीचे विंडोज जागे होण्याआधीच होते. ती साधारण १५ मिनिटे चालते. लपणारे मालवेअर त्या वेळी झोपलेले असल्याने सापडण्याची शक्यता वाढते. त्यानंतर सेफ मोडमध्ये पूर्ण तपासणी करावी आणि एखाद्या दुसऱ्या कंपनीच्या साधनाने खातरजमा करावी. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्रावर भारतीय कंपन्यांची अशी निर्मूलन साधने मोफत दिली जातात. दोन अँटिव्हायरस कायमचे एकाच वेळी बसवू नयेत. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. एकच फाइल संशयास्पद वाटल्यास ‘व्हायरसटोटल’ या सेवेवर अनेक अँटिव्हायरसांचे मत एकत्र मिळते. मात्र तिथे चढवलेली फाइल इतरांना उपलब्ध होऊ शकते, म्हणून आधार, पॅन किंवा हिशेबाची कागदपत्रे तिथे टाकू नयेत.

पेनड्राइव्हमधील फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दाखवणाऱ्या ‘शॉर्टकट व्हायरस’मध्ये मूळ फोल्डर बहुतेकदा नष्ट झालेले नसतात, लपवलेले असतात. म्हणून पेनड्राइव्ह घाईने फॉरमॅट करू नये आणि शॉर्टकटवर क्लिकही करू नये. आधी संगणक स्वच्छ करावा, मग पेनड्राइव्हची तपासणी करून लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करावा. फाइली तरीही दिसत नसल्यास कमांड प्रॉम्प्टमधील ‘अ‍ॅट्रिब’ या आज्ञेने त्यांचा लपलेपणा काढता येतो.

रॅन्समवेअर काढून टाकले तरी कुलूपबंद फाइली उघडत नाहीत. खंडणी दिल्यावर किल्ली मिळेलच याची हमी नसते. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल व दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात काही प्रकारांच्या किल्ल्या मोफत मिळतात. आज किल्ली नसली तरी पुढे उपलब्ध होऊ शकते, म्हणून कुलूपबंद फाइलींची प्रत जपून ठेवावी.

पुन्हा पुन्हा उद्भवणारी बाधा, दूरनियंत्रण करणारा ट्रोजन किंवा नेटबँकिंगच्या संगणकावरील स्पायवेअर अशा वेळी विंडोज नव्याने टाकणेच योग्य ठरते. त्यासाठीचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर आणि मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत फाइलीवरून बनवावा. छायाचित्रे, दस्तऐवज व हिशेबाच्या फाइलीच परत घ्याव्यात. जुने सेटअप घेऊ नयेत.

निर्मूलनानंतर : पासवर्ड बदलण्याची सुरुवात ईमेलपासून करावी, कारण इतर खात्यांचे पासवर्ड त्यावरूनच नव्याने मिळवता येतात. माहितीचोर मालवेअर ब्राउझरमधील लॉगइनच्या कुकीही पळवते, त्यामुळे केवळ पासवर्ड बदलणे पुरत नाही. प्रत्येक खात्यात ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ करावे, द्विस्तरीय पडताळणी लावावी आणि ईमेलमध्ये अनोळखी फॉरवर्डिंग पत्ता किंवा फिल्टर नाही ना ते पाहावे.

कायदा व तक्रार : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीविना संगणकात शिरणे व व्हायरस सोडणे यासाठी नुकसानभरपाईची तरतूद आहे. हेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पैसे गेल्यास बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर त्वरित कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत वळण्याआधी गोठवणे हा त्यामागचा हेतू असतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा प्रकरणात बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर तोट्याची जबाबदारी येत नाही. फौजदारी तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. तक्रार देण्याचे ठरल्यास संगणक साफ करण्यापूर्वी पडद्याची छायाचित्रे, संदेश, व्यवहारक्रमांक व संशयास्पद ईमेल जपून ठेवावेत आणि डिस्क फॉरमॅट करू नये.

मर्यादा व प्रतिबंध : कोणत्याही अँटिव्हायरसला काही सापडले नाही याचा अर्थ यंत्र निर्दोष आहे असा होत नाही, कारण नव्या मालवेअरची ओळख अँटिव्हायरसच्या यादीत यायची असू शकते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाढीव सुरक्षा सेवा न घेतलेल्या अशा संगणकावर बँकेचे व्यवहार टाळावेत. विंडोज ११ चालत नसलेल्या जुन्या यंत्रावर लिनक्स हा कायदेशीर व मोफत पर्याय आहे. रोजच्या वापरासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसलेले खाते वापरावे. हिशेबाची व छायाचित्रांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि प्रत घेऊन झाल्यावर ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी, कारण जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या आवाक्यातच असते.