अस्सल गाडीची पारख



इतिहास शिकविण्यांत जन्म गेलेल्या मास्तरानें मोटारगाड्यांवर बोलावें, हें कित्येकांस विचित्र वाटेल. मला मोटार हांकतां येत नाहीं. परंतु दोन वर्षांपूर्वीं एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून मी अमेरिकेंत शिकागो येथें गेलों असतां, त्यानें मला जवळच्या रोझमाँट गांवीं नोव्हेंबरांत भरणारें जुन्या मोटारींचें प्रदर्शन दाखविलें. आरशासारख्या लखलखणाऱ्या गाड्यांच्या रांगा तेथें होत्या. पण एके ठिकाणीं एका फिकट, ओरखडे पडलेल्या गाडीभोंवतीं माणसांची दाटी झाली होती. एक गृहस्थ विजेरी घेऊन तिच्याखालीं आडवे झाले होते व मधून मधून कागदावर टिपण करीत होते. मीं विचारलें, "हे दुरुस्ती करीत आहेत काय?" विद्यार्थी म्हणाला, "नाहीं गुरुजी, दुरुस्ती झालेली नाहीं ना, हें ते पाहत आहेत."

ह्या उत्तरानें मला विचारांत पाडलें, आणि त्याच विचाराचा धागा आज आपणांपुढें उलगडावयाचा आहे.

ह्या गाड्यांस तिकडे 'मसल कार', म्हणजे पीळदार अंगाची गाडी, असें म्हणतात. मध्यम आकाराच्या साध्या गाडींत मोठें दांडगें एंजिन बसवावयाचें आणि तरुणांच्या खिशास परवडेल अशा किंमतीस ती विकावयाची, ही मूळ कल्पना. तिचा आरंभ बहुधा १९६४ सालच्या पाँटिॲक जी. टी. ओ. पासून धरतात. मध्यम गाडींत ३३० घनइंचांहून मोठें एंजिन घालूं नये, असा जनरल मोटर्सचा त्या वेळीं दंडक होता. पाँटिॲकच्या मंडळींनीं युक्ति केली. ३८९ घनइंचांचें एंजिन त्यांनीं नवी गाडी म्हणून नव्हे, तर 'टेंपेस्ट' ह्या चालू गाडीवर गिऱ्हाइकानें मागून घ्यावयाची जादा सोय म्हणून विकलें. पुढें १९६६ सालीं क्रायस्लरनें ४२६ घनइंचांचें 'हेमी' एंजिन रस्त्यावरील गाड्यांत आणलें. १९७० सालीं शेव्हरोलेच्या 'शेव्हेल' गाडींत ४५४ घनइंचांचें, ४५० अश्वशक्तीचें एंजिन आलें, आणि चढाओढीचा तो कळस ठरला. विम्याचे वाढते दर, १९७० चा हवाशुद्धीचा कायदा आणि १९७३ ची तेलटंचाई ह्या तिहींनीं मिळून दहा वर्षांच्या आंत हा खेळ संपविला.

ह्या गाड्या जपून ठेवण्यासाठीं कोणीं घेतल्या नव्हत्या. पोरांनीं त्या शर्यतींत दामटल्या, एंजिनें फोडलीं, दुसरीं बसविलीं; हिवाळ्यांत रस्त्यावर टाकलेल्या मिठानें त्यांचे पत्रे खाल्ले. पुढें तींच पोरें वयस्क झालीं, हातीं पैसा आला आणि तारुण्यांतील गाडी पुन्हां हवीशी वाटूं लागली. किंमती भडकल्या. हेमी एंजिनाची, उघड्या टपाची १९७१ ची प्लिमथ 'कुडा' मुळांत डझनभरच निघाली असेल. तींतील एक २०१४ सालीं ३५ लक्ष डॉलरांस लिलावांत गेली. जेथें एवढा पैसा, तेथें दोन गोष्टी आपोआप येतात. एक जीर्णोद्धार आणि दुसरी लबाडी. गंमत अशी कीं, उत्तम जीर्णोद्धार झालेली गाडी कारखान्यांतून निघालेल्या गाडीहूनहि सुंदर दिसते. कारखान्यांत कामगारास उसंत नसे. रंगाचे ओघळ राहत, फवारा भलतीकडे उडे, तपासनीस खडूनें खुणा करून पुढें जाई. जीर्णोद्धार करणारा हें सारें पुसून टाकतो. आणि त्याबरोबर साक्षहि पुसली जाते.

म्हणूनच हात न लागलेल्या गाडीचें महत्त्व. अशी गाडी ही त्या काळची अस्सल प्रत. बाकीच्या तिच्यावरून केलेल्या नकला. १९३५ सालीं स्थापन झालेल्या तिकडील जुन्या मोटारींच्या क्लबानें मूळ स्वरूप राखलेल्या गाड्यांसाठीं स्वतंत्र वर्ग ठेवला आहे. इलिनॉय संस्थानांतील ब्लूमिंग्टन गोल्ड हा मेळावा अशा गाड्यांस 'सर्व्हायव्हर', म्हणजे काळाच्या तावडींतून वांचलेली, अशी पदवी देतो. आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ सालीं केलेल्या 'तुरीन सनदे'नेंहि, जुन्या वाहनावर झालेल्या काळाच्या खुणांचा मान राखावा, हेंच तत्त्व मान्य केलें आहे.

आतां पारख कशी करतात, तें पाहूं. मोडी कागदाची पारख करणारा प्रथम तारीख पाहतो, मग हस्ताक्षर, मग कागद व शाई. आणि शेवटीं हीं सारीं एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं, हें पाहतो. मोटारीची रीतहि हीच.

प्रथम दप्तर. कारखान्यांत प्रत्येक गाडीबरोबर तिच्यांत कोणते भाग बसवावयाचे हें सांगणारा कागद फिरत असे. काम झाल्यावर तो कोणी आसनाच्या स्प्रिंगांत खोंचून देई, कोणी पेट्रोलच्या टांकीवर तसाच राहूं देई. पन्नास वर्षांनीं उंदरांनीं कुरतडलेला तो कागद हातीं लागला, तर त्याचें मोल मोठें. कारण गाडीचा क्रमांक नेहमींच सर्व सांगतो असें नाहीं. १९६६ ते १९६८ पर्यंतच्या शेव्हेल 'एस. एस.' गाडीचा क्रमांक १३८ ह्या आंकड्यांनीं सुरू होतो. १९६९ पासून मात्र 'एस. एस.' ही केवळ जादा सोय झाली व क्रमांकांतून तिची खूण नाहींशी झाली. तेव्हां साध्या शेव्हेलला बिल्ले लावून 'एस. एस.' म्हणून उभी करणें सोपें झालें.

दुसरी तारीख. शेव्हरोलेच्या ओतीव ठोकळ्यावर एक अक्षर व कांहीं आंकडे असतात. 'सी १४ ९' म्हणजे तिसऱ्या महिन्याची चौदा तारीख, आणि ९ नें संपणारें वर्ष, जसें १९६९. गाडी जर त्या वर्षीं फेब्रुवारींत जुळविली असेल, तर मार्चांत ओतलेला ठोकळा तिच्यांत आला कोठून? मृत्यूनंतरच्या तारखेचें पत्र सांपडावें, तसाच हा प्रकार. एंजिनावर गाडीच्या क्रमांकाचा अंशहि ठोकलेला असतो. लबाड माणूस जुना आंकडा घासून नवा ठोकतो. परंतु कारखान्यांतील यंत्रानें तो पृष्ठभाग तासतांना उमटलेल्या बारीक रेघा त्या घासण्यांत जातात. आंकडा नेमका असून रेघा नसल्या, म्हणजे पारखी मान हलवितो.

तिसरा रंग. जनरल मोटर्स त्या काळीं ॲक्रिलिक लॅकर वापरी, तर फोर्ड व क्रायस्लर एनॅमल. पत्र्यावर लोहचुंबक धरलें आणि तें चिकटेना, तर आंत लुकण भरलें आहे असें समजावें. रंगाच्या थराची जाडी मोजणारें लहानसें यंत्रहि असतें. एका दारावर थर दुप्पट निघाला, म्हणजे त्या दाराचा कांहीं निराळा इतिहास आहे.

चौथी गोष्ट सर्वांत सूक्ष्म, ती म्हणजे झिजेचा मेळ. त्या काळचा मैलमापक पांचच आंकडी असे. ९९,९९९ नंतर तो पुन्हां शून्यावर येई. मापक १२,००० मैल दाखवीत असेल, पण ब्रेकच्या पायदाण्याचें रबर झिजून गुळगुळीत झालें असेल, तर पारखी रबराचें ऐकतो. टायर, बॅटरी, पट्टे, रबरी नळ्या हीं झिजून जाण्यासाठींच असतात. तीं बदललीं म्हणून गाडीस दोष देत नाहींत.

ह्यावर कोणी म्हणेल, ही तर मळाची पूजा झाली! आक्षेप अगदींच खोटा नव्हे. जुनेपणास भाव आला, तेव्हां मुद्दाम गंज चढविणारे आणि नवा रंग घासून फिका करणारे कारागीर निघालेच. शिवाय ब्रेक न लागणारी गाडी अस्सल असली तरी रस्त्यावर ती घातकच. परंतु ह्याहून खोल प्रश्न असा कीं, अस्सल म्हणजे कोणत्या क्षणाशीं अस्सल?

ह्याचें उत्तर एका गाडीनें दिलें आहे. काटेकोर वर्गवारी करणारे तिला निराळ्या कुळांत घालतात, पण पीळ तोच. 'बुलिट' ह्या १९६८ च्या चित्रपटांत स्टीव्ह मॅक्क्वीन ह्या नटानें हिरवी फोर्ड मस्टँग सॅन फ्रॅन्सिस्कोच्या चढउतारांवर उधळली. चित्रपटासाठीं तिचे बिल्ले काढले होते व कॅमेरे बसविण्यासाठीं खालीं जोड मारले होते. १९७४ सालीं न्यू जर्सींतील एका कुटुंबानें ती विकत घेतली. घरची बाई प्राथमिक शिक्षिका. ती हीच गाडी घेऊन शाळेंत जाई! १९७७ सालीं मॅक्क्वीननें पत्र लिहून ती परत मागितली. कुटुंबानें दिली नाहीं. १९८० सालीं क्लच निकामी झाला आणि गाडी कित्येक वर्षें झांकून राहिली. पुढें यंत्र चालतें केलें, पण अंगास हात लावला नाहीं. २०१८ सालीं ती लोकांपुढें आली, आणि जानेवारी २०२० मध्यें फ्लॉरिडांतील लिलावांत तिला ३४ लक्ष डॉलरांची बोली लागली.

आतां पहा, कारखान्याच्या हिशेबानें ही गाडी सदोष. बिल्ले नाहींत, खालीं परके जोड आहेत. एखाद्या नेटक्या कारागिरानें ते जोड कापून, बिल्ले बसवून, नवा हिरवा रंग दिला असता, तर ती कारखान्याशीं प्रामाणिक झाली असती आणि स्वतःच्या आयुष्याशीं अप्रामाणिक. ती चित्रपटांतील गाडी खरी, हें त्या जोडांनींच तर शाबीत केलें. तात्पर्य, अस्सलपणा म्हणजे नवेपणा नव्हे. अखंड राहिलेली साक्ष म्हणजे अस्सलपणा. नवेपणा पुन्हां आणतां येतो. साक्ष एकदां मोडली कीं मोडली.

हें मला रोझमाँट येथें जाऊन शिकावें लागलें, ह्याची लाज वाटते. माझे वडील वारल्यावर त्यांची सायकल मीं मोठ्या भक्तीनें दुकानीं दिली. नळीवर मधोमध रंग उडून पत्रा दिसत होता. लहानपणीं मी तेथें बसत असें. पुढें नगरपालिकेचे वर्षावर्षाचे कराचे बिल्ले एकावर एक अडकविले होते. उजव्या मुठीचें रबर त्यांच्या अंगठ्याखालीं खोल गेलें होतें. आठ दिवसांनीं सायकल काळी कुळकुळीत होऊन आली. नव्या मुठी, बिल्ले भंगारांत. मीं ती आईपुढें उभी केली. तिनें नळीवरून एकदां हात फिरविला आणि म्हणाली, "चांगली झाली रे. पण ह्यांची सायकल कुठें आहे?"

विजेरी घेऊन गाडीखालीं आडवे झालेले ते गृहस्थ माझ्या आईचाच प्रश्न विचारीत होते. आपल्या घरीं कोणाची पोथी, कोणाचा अडकित्ता, कोणाची पेटी असेल. ती स्वच्छ ठेवा, वाळवीपासून जपा, मोडूं लागली तर सांवरा. पण रंगाऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं एक दिवस थांबा, आणि तिच्यावरचा प्रत्येक डाग कोणाचा, हें घरांतील सर्वांत म्हाताऱ्या माणसास विचारून घ्या.