बिलगावची वीज



विजेचा इतिहास सांगताना आपण शिवसमुद्रम (१९०२) आणि खोपोली (१९१५) ही नावे घेतो, आणि ते योग्यच आहे. आज मात्र मी एका अशा वीजकेंद्राविषयी बोलणार आहे, ज्याची क्षमता अवघी १५ किलोवॅट होती आणि ज्याचे आयुष्य चार वर्षांचेही नव्हते. बडोद्यात उभे राहून ही कथा सांगणे थोडे अवघड आहे. ते का, हे पुढे कळेल.

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत, बिलगाव हे आदिवासींचे गाव आहे. नर्मदेला मिळणारी उदय नदी तेथे धबधब्याच्या रूपाने खाली कोसळते. स्वातंत्र्याला अर्धशतक उलटल्यावरही गावात विजेचा खांब पोहोचला नव्हता. गावकऱ्यांना वीज हवी होती. तिच्यासाठी लागणारे पाणी डोळ्यांसमोर होते.

जलविद्युतेचे गणित शाळकरी मुलालाही समजेल इतके सरळ आहे. पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडते, या दोहोंच्या गुणाकारावर सारे अवलंबून. दहा मीटर उंचीवरून सेकंदाला २५० लिटर पाणी पडले तर सुमारे साडेचोवीस किलोवॅट शक्ती मिळते. नळ, टर्बाइन आणि जनित्र यांतील तूट वजा जाता हाती पंधराच्या आसपास उरतात. धरण लागत नाही. लहानसा बंधारा घालून पाणी पाटात वळवायचे, टाकीत स्थिर करायचे, नळातून टर्बाइनवर सोडायचे आणि मग पुन्हा नदीलाच द्यायचे. खरी अडचण पुढे येते. घरोघरचे दिवे विझू लागले की जनित्रावरचा भार घटतो आणि त्याची गती वाढते. तेव्हा उरलेली वीज कुठेतरी जिरवावी लागते.

केरळातील 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी'चे तरुण अभियंते नर्मदा बचाव आंदोलनाच्या संपर्कातून या खोऱ्यात आले होते. त्यांनी आधी डोमखेडीत अगदी चिमुकला प्रयोग केला. तो पुढे पाण्याखाली गेला. बिलगावचे काम त्याहून मोठे होते. गावकऱ्यांनी श्रमदान केले. दगड, वाळू, सिमेंट वाहिले. जानेवारी २००३ मध्ये बिलगावात दिवे लागले.

मी भाषेचा विद्यार्थी. यंत्रातले मला फारसे कळत नाही. तरी एवढे जाणवते की 'लाभार्थी' हा आपल्या सरकारी मराठीतला शब्द या गावाला लावता येत नाही. लाभार्थी हात पुढे करतो. या लोकांनी पाट खणला होता.

आता अवघड भाग. सरदार सरोवराची उंची २००४ साली ११०.६४ मीटर होती, ती २००६ च्या अखेरीस १२१.९२ मीटरवर नेण्यात आली. २००६ च्या पावसाळ्यात नर्मदेचा फुगवटा उदयच्या पात्रात चढला आणि बिलगावचे वीजकेंद्र बुडाले. ज्या धरणाने ते बुडवले, त्याची स्थापित क्षमता १,४५० मेगावॅट, म्हणजे बिलगावच्या सुमारे ९७ हजार पट. त्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरलेला आहे. या धरणाने सौराष्ट्र-कच्छची तहान भागवली, हेही मी विसरत नाही. ज्यांनी तेथील उन्हाळे पाहिले आहेत, त्यांनी मला ते ऐकवले आहे आणि मी निरुत्तर झालो आहे. केवडिया आपल्यापासून फार दूर नाही आणि नर्मदेचा मुख्य कालवा आपल्या शहराजवळून जातो. तेव्हा या हिशेबात आपण बडोदेकर तटस्थ नाही. मोठ्या कामासाठी लहान काम जाते, असे आपण सहज म्हणतो. पण जे बुडाले त्याची नोंद बुडवणाऱ्याच्या वहीत कोणत्या सदरात होते, हा प्रश्न इतिहासकाराने विचारलाच पाहिजे.

आशुतोष गोवारीकरांचा 'स्वदेस' हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. गावकऱ्यांच्या कष्टांतून वीज निर्माण होते, असा प्रसंग त्यात आहे आणि त्यामागे बिलगावची प्रेरणा सांगितली जाते. चित्रपट २००४ च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला, तेव्हा बिलगावचे केंद्र बुडायला अजून दोन पावसाळे अवकाश होता.