खरूज : अंगाला मलम की पोटात गोळी?

मंडळी, थंडी पडली की हिंगोली-कळमनुरीकडच्या शाळांत पोरं बोटांची बेचकी खाजवताना दिसू लागतात. वसमतचा मुलूख हळदीचा, तेव्हा घरी हळद-कडुलिंबाचा लेप होतो, नाहीतर खोबरेलात खललेला गंधक. गंधकाचा उपाय काही खोटा नव्हे, बरं का! जगभर शतकानुशतकं तोच चालत आला. पण तो मारतो कुणाला?

खरजेचा बारीक किडा 1687 साली इटलीच्या बोनोमोंनी सूक्ष्मदर्शकातून पाहून लिहून ठेवला. वैद्यांना ते पटायला दीडशे वर्षं लागली! 1834 साली पॅरिसात रेनुची नावाच्या विद्यार्थ्यानं सुईच्या टोकावर किडा काढून दाखवला. ही युक्ती त्यानं आपल्या कॉर्सिका बेटावरच्या बायकांकडून पाहिली होती.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात मेलनबी यांनी स्वयंसेवकांना रुग्णांच्या न धुतलेल्या पांघरुणांत निजवलं. रोग क्वचितच लागला. तो पसरतो मुख्यतः अंगाला अंग लागून. शिवाय पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला महिनाभर जातो. म्हणजे एक पोर खाजवतं, तेव्हा शेजारी निजणारं भावंडही किडे बाळगून असतं आणि कुणाला पत्ता नसतो. आपलं मलम फसतं ते इथं; लावतो एकालाच.

आता गोळी. जपानचे ओमुरा यांनी मातीतल्या जंतूपासून मिळवलेल्या द्रव्यातून आयव्हरमेक्टिन आलं. 2015 साली त्यांना आणि कॅम्पबेल यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी फिजी बेटांवरची तुलना प्रसिद्ध झाली. हीच ती बेटं, जिथं आपले गिरमिटिये ऊस तोडायला गेले. एका गटात फक्त रुग्ण नि त्यांच्या निकटच्यांना मलम दिलं : वर्षभरात खरूज शंभरात 37 वरून 19 वर आली. दुसऱ्यात सगळ्यांनाच मलम : 42 वरून 16. तिसऱ्यात सगळ्यांना गोळी : 32 वरून 2.

तरी गोळी म्हणजे जादू नव्हे. एका रुग्णापुरतं पाहिलं तर पर्मेथ्रिनचं मलम मागं पडत नाही. पण मानेपासून तळपायापर्यंत लावून रात्रभर ठेवायचा कंटाळा कोण करत नाही? गोळी गिळली की झालं. मात्र ती अंडी मारत नाही, म्हणून आठ-पंधरा दिवसांनी दुसरी मात्रा लागते. आणि गर्भवती बाई नि पंधरा किलोंखालचं मूल यांना ती देत नाहीत.

तेव्हा गुरुजी, मुलाला दवाखान्यात धाडताना घरची माणसंही मोजून सांगा. औषध कोणतंही असो, सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचं. किडे मेल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहते. तेवढ्यावरून घाबरून मलमाचा पुन्हा पुन्हा मारा करू नका.