बेरीज कुठे, गुणाकार कुठे : प्रस्तावना

सातवीच्या गणितात घातांकाचं प्रकरण दिसायला अगदी लहान आहे. अंकाच्या डोक्यावर उजवीकडे बारीक लिहिलेला दुसरा अंक, चार-दोन नियम, की संपलं. आठवीत तेच घनमुळाला सोबत घेऊन परत येतं आणि तिथे बरीच मुलं अडखळतात. हा उदाहरणसंग्रह त्या मुलांसाठी आहे, त्यांना शिकवणाऱ्यांसाठीही आहे.

केळापूर तालुक्यातला वर्ग डोळ्यांपुढे ठेवला, म्हणून सुरुवात पऱ्हाटीपासून. पांढरकवड्याच्या आसपास ‘तीन बाय तीन’ म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. दोन ओळींत तीन फूट, दोन झाडांत तीन फूट. चौफुलीवर लावलं की डवरा उभाही फिरतो, आडवाही. एका झाडाच्या वाट्याला तीनचा वर्ग, म्हणजे ९ चौरस फूट जमीन येते. एकर ४३,५६० चौरस फुटांचा, तेव्हा एकरात ४,८४० झाडं. आता अंतर निम्मं करू, दोन्हीकडून दीड फूट. झाडं किती? ‘दुप्पट’ हे उत्तर चटकन येतं. पण ओळीही दुप्पट झाल्या आणि प्रत्येक ओळीतली झाडंही. उत्तर चौपट, १९,३६०. घातांकातला २ काय करतो, ते इथे बियाण्याच्या खर्चातच कळतं.

नेहमीच्या चुका दोन. पहिली : दोनचा तिसरा घात म्हणजे ६. या चुकीला मी फार नावं ठेवणार नाही. तेच तेच मिळवायचं असलं की गुणाकार करायचा, हे मुलांनी चौथीपर्यंत घोटलेलं असतं; तीच सवय इथे आडवी येते. दुसरी चूक अधिक बोलकी आहे. दोनचा तिसरा घात गुणिले दोनचा चौथा घात, उत्तर ‘चारचा सातवा घात’. म्हणजे नियम पाठ आहे, घातांकांची बेरीजही बरोबर आहे, फक्त पायाही गुणला गेला. खरं उत्तर १२८ आणि लिहिलेलं १६,३८४. तीन दोन आणि चार दोन एका ओळीत मांडून मोजले असते, तर सात दोन दिसले असते. म्हणून या संग्रहातल्या सुरुवातीच्या उदाहरणांत नियम वापरायचाच नाही, विस्तार करून लिहायचं. वेळ जातो, जाऊ द्यावा.

जुन्या संस्कृत बीजगणितात बारीक अंक डोक्यावर लिहायची सोय नव्हती. आजची ती खूण रूढ झाली देकार्तच्या १६३७ सालच्या भूमितीच्या ग्रंथापासून. त्याआधी आपल्याकडे घातांची नावं रचून चालवत. वर्गाचा घन तो वर्गघन, म्हणजे सहावा घात. पाचव्याचं नाव वर्गघनघात : वर्ग आणि घन यांचा गुणाकार. एकीकडे २ × ३, दुसरीकडे २ + ३. घाताचा घात आणि घातांचा गुणाकार यांतला जो फरक आठवीत चुकतो, तो त्या नावांतच बांधलेला होता. भास्कराचार्यांची विद्या शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला. त्याची नोंद असलेला १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण इथे आहे. गणिताच्या अभ्यासवर्गाला मराठी मुलखात एवढी जुनी जागा आहे.

पण मला सगळ्यांत मोह पडतो तो पिंगलाच्या छंदःशास्त्राचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. मराठीच्या तासाला मुलं य, र, त, न, भ, ज, स, म हे गण घोकतात. आठच का? अक्षर लघू किंवा गुरू, जागा तीन. म्हणून दोनचा तिसरा घात. भुजंगप्रयाताच्या चरणात बारा अक्षरं असतात, तेव्हा बारा अक्षरांचे एकूण लगक्रम दोनच्या बाराव्या घाताइतके. पिंगल बारा वेळा दोन गुणत बसत नाही. तो संख्या सम असली तर निम्मी करतो, विषम असली तर एक वजा करतो : १२, ६, ३, २, १. मग उलट फिरायचं. जिथे निम्मं केलं तिथे वर्ग, जिथे एक वजा केला तिथे दुप्पट. २, ४, ८, ६४, ४,०९६. झालं.

हे चालतं कशामुळे? ६ आणि ६ मिळून १२, म्हणून सहाव्या घाताला सहाव्या घाताने गुणलं की बारावा मिळतो. पुस्तकांत ‘किंमत काढा’ आणि ‘गुणाकार करा’ असे दोन वेगळे उदाहरणसंच असतात. पिंगलाच्या हाती ते एकच काम आहे, आणि या संग्रहातही ते एकत्रच दिले आहेत.

ऋण पायाची उदाहरणं कंसासकट वाचावीत. उणे तीनच्या वर्गाचं उत्तर ९, आणि तीनच्या वर्गाआधी नुसती उणे खूण असेल तर उणे ९. याहून जास्त इथे सांगत नाही, सरावातच ते बसतं.

शेवटचं उदाहरण तीनच्या पंधराव्या घाताचं आहे. उत्तर १,४३,४८,९०७. सरळ गेलं तर चौदा गुणाकार, पिंगलाच्या वाटेने सहा. पाच गुणाकारांतही ते जमतं, आणि ती वाट मुलांनीच शोधायची आहे. कोणत्याही घातासाठी कमीत कमी किती गुणाकार पुरतील, हे सांगणारं सोपं सूत्र गणितज्ञांनाही अजून सापडलेलं नाही.