बालशुश्रूषा आणि पुणें शहर

शहराचा इतिहास सांगावयास बसलें म्हणजे आपण वाडे, पेठा, लढाया आणि सनदा यांपासून आरंभ करतों. पाळण्यापासून आरंभ केलेला इतिहास माझ्या तरी पाहण्यांत नाहीं. वस्तुतः एखाद्या शहराची खरी स्थिति त्याच्या वेशींवरून जितकी कळते, त्याहून अधिक ती तेथें जन्मलेलीं किती मुलें आपला पहिला वाढदिवस पाहतात यावरून कळते. आज त्या विषयासंबंधीं श्रोत्यांपुढें थोडें बोलावयाचें आहे.

पुण्याहून आळंदीस जाणाऱ्या रस्त्यावर येरवडा मागें टाकलें कीं विश्रांतवाडी लागते. ज्येष्ठाच्या उत्तरार्धांत ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आळंदीहून पुण्यास येते ती याच वाटेनें. एके काळीं शहराबाहेर असलेली ही वाडी आतां शहराच्या पोटांत गेली असून उंच इमारती आणि मोलमजुरी करणाऱ्यांच्या वस्त्या येथें शेजारीं शेजारीं नांदत आहेत. अशा वस्तींतील अंगणवाडींत महिन्यांतून एकदां वजनकांटा बाहेर निघतो. सेविका बाळाला कांट्यावर ठेवते, आकडा वाचते आणि तक्त्यावर एक टिंब काढते. मग मागच्या महिन्याच्या टिंबाशीं तें रेषेनें जोडते. हल्लीं हेच आकडे मोबाईलमध्येंहि भरावे लागतात, पण गोष्ट तीच. रेषा वर चढली तर समाधान; सपाट राहिली तर चौकशी; खालीं वळली तर बाळाच्या घरीं खेप. काम दिसावयास किती लहान! परंतु तें टिंब काढणारी एक शिकलेली स्त्री तेथें उभी राहावी, यासाठीं या शहराला दीडशें वर्षांहून अधिक काळ खर्ची घालावा लागला आहे.

विश्रांतवाडीहून नदी ओलांडून शहरांत यावें आणि गंज पेठेंत शिरावें. येथें १८६३ सालीं जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें. ज्या विधवांना दिवस गेले त्यांनीं गुप्तपणें येथें येऊन बाळंत व्हावें, मूल घेऊन जावें किंवा ठेवून जावें, अशी ती सोय होती. या गृहाविषयीं आपण पुष्कळ ऐकतों. त्याच्या हिशेबाविषयीं मात्र फारसें ऐकत नाहीं. बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर मत देतांना जोतीरावांनीं १८८४ च्या डिसेंबरांत हा हिशेब स्वतःच लिहून ठेवला आहे. तोंवर पस्तीस विधवा तेथें येऊन प्रसूत झाल्या. त्यांच्या मुलांपैकीं पांच जिवंत होतीं आणि तीस मरण पावलीं होतीं. गर्भ लपविण्यासाठीं आयांनीं जीं विषारी औषधें घेतलीं असावींत, त्यांनीं मुलांना पोटांतच इजा झाली, असें कारण त्यांनीं दिलें आहे.

पस्तिसांपैकीं पांच! सुधारणेचा गौरव करणाऱ्या आपल्या व्याख्यानांत हा आकडा बहुधा गाळला जातो, आणि मला वाटतें, तेथेंच आपण चुकतों. आसरा दिला, माया दिली, अन्न दिलें. तरीहि मूल वांचत नाहीं, कारण त्याचें आरोग्य जन्माच्या कितीतरी आधीं ठरूं लागलेलें असतें. हें सत्य गंज पेठेंतील त्या घरानें एकवीस वर्षें डोळ्यांनीं पाहिलें. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्यानें १८७४ सालीं आपला म्हटला. हाच यशवंत पुढें डॉक्टर झाला. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग आला तेव्हां शहराबाहेर त्यानें घातलेल्या दवाखान्यांत रोगी आणण्याचें काम सावित्रीबाई करीत होत्या. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड नांवाच्या आजारी मुलाला त्यांनीं पाठीवर घेऊन तेथें पोंचविलें. मुलगा वांचला, सावित्रीबाईंना प्लेगनें गांठलें आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला.

याच काळांत दुसरी एक कथा घडली. आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षीं मुलगा झाला आणि तो दहा दिवसांतच गेला. स्त्रियांना व मुलांना उपचार मिळत नाहींत हें त्या बालमातेनें त्या दहा दिवसांत जाणलें आणि ती अमेरिकेस गेली. १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी तिनें मिळविली. हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. १८८७ च्या फेब्रुवारींत, बाविसावें वर्षहि पुरें होण्यापूर्वीं, क्षयानें तिचा पुण्यांत मृत्यु झाला. तिच्या हातून एकहि बाळंतपण या देशांत व्हावयाचें राहून गेलें.

पण क्षणभर असें समजूं कीं आनंदीबाई दीर्घायुषी झाल्या असत्या. तरी एका डॉक्टरणीनें काय झालें असतें? डॉक्टर घटकाभर येतो आणि जातो. बाळाची रात्र मात्र बारा तासांची असते. नवजात अर्भकाच्या देहांत ऊब निर्माण होते थोडी आणि निघून जाते फार. पहिल्या आठवड्यांत त्याचें वजन दहावा हिस्सा इतकें घटूं शकतें, आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत तें भरून आलें पाहिजे. तें ओढून पीत आहे कीं थकून सोडून देत आहे, पाय गार पडले आहेत कीं कसें, श्वास मिनिटाला साठाच्या वर जात आहे काय, हें सारें पाहावयास कोणी तरी जवळ सतत जागें असावें लागतें. आणि जें दिसलें त्याचा अर्थ तिला कळावा लागतो. शुश्रूषा म्हणतात ती हीच. माया तिला हवीच, परंतु नुसती माया म्हणजे शुश्रूषा नव्हे.

आमच्या जुन्या घरांत ही जागल आजी, आत्या आणि सुईण करीत असत. त्यांच्या शहाणपणाची थट्टा करण्याची कांहीं शिकलेल्यांना खोड आहे. ती मला मान्य नाहीं. सहाव्या महिन्यांत उष्टावण करावयाचें हा आमचा जुना संस्कार. सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचें दूध आणि मग मऊ अन्न, हें आजचें बालवैद्यकहि तंतोतंत हेंच सांगतें. बाळ पालथें कधीं पडलें, बसूं कधीं लागलें, रांगलें कधीं, पहिलें पाऊल कधीं टाकलें, यांची तोंडी नोंद प्रत्येक घरीं असे. विकासाच्या पायऱ्या म्हणून डॉक्टर जें विचारतात तें यापेक्षां निराळें नाहीं. परंतु त्याच घरांत पहिलें चिकाचें दूध नासकें म्हणून पिळून टाकीत, आणि त्याऐवजीं बाळाला मधाचें किंवा गुटीचें बोट चाटवीत. नाळ ज्या हत्यारानें कापीत तें उकळून घेण्याची चाल नव्हती, म्हणून धनुर्वातानें मुलें जात. बाळंतिणीची खोली काळोखी, दारें बंद, आंत शेगडीचा धूर. ज्या चिकांत बाळाचें पहिलें संरक्षण असतें तोच फेंकून द्यावयाचा आणि मग दृष्ट काढावयाची! वृद्ध स्त्रियांनीं रागावूं नये. त्यांना कोणीं शिकविलेंच नव्हतें.

शिकविणार कोण आणि शिकणार कोण, हा प्रश्न पुण्यांत धसास लागला तो १९०९ सालीं. न्यायमूर्ति रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांच्या अध्यक्षतेखालीं आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या चिटणीसपणाखालीं पुण्याचें सेवासदन सुरू झालें, आणि थोड्याच काळांत तेथील विद्यार्थिनी परिचारिकेचें शिक्षण घेण्यासाठीं ससून रुग्णालयांत जाऊं लागल्या. ससून रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगींतून १८६७ सालींच उभें राहिलें होतें. इमारत होती, डॉक्टर होते. पण आमच्या घरांतल्या स्त्रिया तेथें परिचारिका म्हणून जात नव्हत्या. कोणाहि जातीच्या रोग्याचें मलमूत्र काढावयाचें, रात्रपाळी करावयाची, परपुरुषांत वावरावयाचें. कुलीन म्हणविणाऱ्या घराला हें काम हीन वाटे. मग पाठविल्या कोण? ज्यांच्या जाण्यानें घराचें कांहीं बिघडणार नाहीं असें घराला वाटत होतें त्या, म्हणजे बहुधा विधवा. सेवासदनाच्या एका समारंभांत केशवपन केलेली एक विद्यार्थिनी पारितोषिक घ्यावयास पुढें आली असतां सभेंतील तरुण विद्यार्थी हंसले, आणि रमाबाईंनीं उभें राहून त्या शिकलेल्या तरुणांची तेथल्या तेथें कानउघाडणी केली, अशी आठवण सांगतात.

त्या हंसण्यांत केवळ एका स्त्रीचा अपमान नव्हता. ज्या हातांत बाळ द्यावयाचें ते हातच जर समाज तुच्छ लेखील, तर त्या कामाला शहाण्या मुली येणार नाहींत; आणि त्याची किंमत पाळण्यांतल्यांना द्यावी लागेल. रमाबाईंना हें पक्कें कळलें होतें. पुणें सेवासदनाचें मोठेपण शिवणवर्गांत किंवा प्रौढ स्त्रियांच्या शाळेंत नाहीं असें मी म्हणत नाहीं. परंतु त्या चार भिंतींच्या आंत जें सर्वांत धाडसाचें काम झालें तें हेंच, असें माझें मत आहे.

यानंतर शुश्रूषेला रुग्णालयाच्या बाहेर पडावयाचें होतें. १९१२ सालीं रास्ता पेठेंत लहान प्रमाणावर निघालेल्या के. ई. एम. रुग्णालयांत १९४४ सालीं डॉक्टर बानू कोयाजी आल्या. तेव्हां तेथें चाळीस खाटा होत्या. त्यांच्या दीर्घ कारकीर्दींत रुग्णालय तर वाढलेंच, पण १९७० नंतर त्यांनीं वढू बुद्रुक येथें ग्रामीण कार्य उभारून खेड्यांतल्याच माणसांना आरोग्याचें शिक्षण दिलें. त्याच सुमारास जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे हें डॉक्टर दांपत्य अशिक्षित ग्रामीण स्त्रियांना हेंच शिकवीत होतें. या विचाराची खरी कसोटी लागली ती गडचिरोलींत. अभय आणि राणी बंग यांनीं ३९ गांवांत गांवच्याच स्त्रियांना आरोग्यदूत केलें. बाळाला ऊब कशी द्यावी, वजन कसें घ्यावें, श्वास कसे मोजावे आणि जंतुदोषाचीं लक्षणें दिसतांच जेंटामायसिनचें इंजेक्शन कसें द्यावें, हें त्यांना शिकविलें. तुलनेसाठीं ४७ गांवें तशींच ठेवलीं होतीं. आरोग्यदूतांच्या गांवांत हजार जन्मांमागें ६२ नवजात मुलें दगावत होतीं, तीं तिसऱ्या वर्षीं २५ वर आलीं. दुसऱ्या गांवांत फरक पडला नाहीं. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत हें प्रसिद्ध झालें तेव्हां कित्येक तज्ज्ञांना तें पचावयास जड गेलें असावें. चार इयत्ता शिकलेली बाई घरच्या ओसरीवर बसून जें करते, तें कांचेच्या पेटीशिवाय होऊं शकतें!

मूल जगलें म्हणजे वाढलें, असें मात्र नव्हे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचें काम मांडलें, आणि १९५७ मध्यें अनुताई वाघ यांच्यासह त्या कोसबाडच्या टेंकडीवर आदिवासी मुलांत गेल्या. मूल शाळेंत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणांत न्यावी, हा त्यांचा विचार. आधीं मुलांना न्हाऊं माखूं घालावयाचें, मग गाणें, मग शिंपले आणि बिया घेऊन मोजणें. न्हाणी आणि खेळ यांत त्यांनीं भेद केला नाहीं, आणि बुद्धीची वाढ व देहाची वाढ एकाच अंगणांत आणली. अंगणवाडी हा शब्द पुढें साऱ्या देशानें उचलला. १९७५ च्या गांधीजयंतीस सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनें त्याच नांवानें गांवोगांवीं जागा केली.

आतां त्या तक्त्यावरील टिंबाकडे वळूं. मुलाचें वजन पांचव्या महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षअखेर तिप्पट व्हावें, हा स्थूल नियम. वाढीची रेषा आईच्या हातीं द्यावी ही कल्पना डेव्हिड मोर्ले या इंग्रज डॉक्टरानें नायजेरियांतील खेड्यांत काम करतांना रूढ केली. पुढें जागतिक आरोग्य संघटनेनें सहा देशांतील मुलें मोजून २००६ सालीं नवीं प्रमाणें प्रसिद्ध केलीं. त्यांत आपल्याकडील मुलें दिल्लीच्या सुस्थितींतील घरांतलीं होतीं, आणि आईचें दूध, अन्न व निगा नीट मिळाल्यास त्यांची वाढ नॉर्वेच्या मुलांसारखीच होते असें दिसून आलें. तेव्हां वंशाची सबब आतां चालत नाहीं.

तरी पुण्यांत एक कोडें निघालें. १९९३ सालीं के. ई. एम. मधील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुण्याजवळच्या सहा गांवांत गर्भार स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. तेथील बाळांचें सरासरी जन्मवजन सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउथॅम्प्टनच्या बाळांचें ३.५ किलो. परंतु हीं किडकिडीत दिसणारीं बाळें स्नायूंनीं हलकीं असूनहि चरबींत तितकीं हलकीं नव्हतीं. अशा बाळांना मोठेपणीं मधुमेह लवकर गांठतो, असा संशय त्यांतून बळावला. शिवाय ज्या आया गर्भारपणीं हिरव्या भाज्या, दूध आणि फळें अधिक वेळां खात होत्या, त्यांचीं बाळें चांगल्या अंगाचीं निपजलीं. मेथी, चुका, पालक, राजगिरा! बाजारांत ज्या जुडीची आपण घासाघीस करतों, तिच्यावर एका पिढीचे स्नायू अवलंबून असावेत! गंज पेठेंतील हिशेब जें सांगत होता तेंच येथें शास्त्राच्या भाषेंत पुन्हां पुढें आलें: शुश्रूषा पाळण्यापासून नव्हे, आईच्या ताटापासून सुरू करावयास हवी.

तें ताट अजून भरलेलें नाहीं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील शंभर मुलांत पस्तीस मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. त्याआधींच्या पाहणींत हा आकडा चौतीस होता. म्हणजे पांच वर्षांत रेषा सपाट राहिली. अंगणवाडीच्या तक्त्यावर असें दिसलें असतें तर सेविकेनें घरीं खेप घातली असती.

या सेविकेला जें मिळतें त्याला सरकारी भाषेंत वेतन म्हणत नाहींत, मानधन म्हणतात. २०२२ च्या एप्रिलांत सर्वोच्च न्यायालयानें अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे असा निर्णय दिला. २०२३ च्या डिसेंबरांत महाराष्ट्रांतील सेविका मानधनवाढीसाठीं आणि सरकारी कर्मचाऱ्यांचा दर्जा मिळावा म्हणून संपावर गेल्या, आणि तो संप पुढच्या जानेवारीच्या अखेरीपर्यंत चालला. तितके दिवस राज्यांतील पुष्कळ अंगणवाड्यांत वजनकांटा निघाला नाहीं, आणि लाखों मुलांच्या तक्त्यांवर त्या महिन्यांची जागा कोरी राहिली.